रबरी शिक्क्याच्या केबलची हकीकत

श्री. ज्याने बोल धाडिला आणि ज्याने बोल झेलिला, त्या उभयतांमध्ये जी तार ताठ उभी राहिली, तीस आधी नमस्कार. मग शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले, ते पुसणाराने आवडीने पुसिले म्हणोन, घडले तैसे लिहितो. एक डोंगरी मुलूख होता. त्यास नदी नव्हती, धरण नव्हते. होते ते डोंगराच्या कुशीतून पाझरणारे झरे, आणि त्यांवर वाड्यावस्त्यांचे पाणी चालत होते. ऐसे असता वरिष्ठ दरबारी मसलत जाहली की खिंडीपासून बाजारापर्यंत नवा रस्ता करावा, आणि नकाशावर रेघ ओढिली ती नेमकी झऱ्यांच्या माथ्यावरून. तेथे सुरुंग लागता खडकाच्या आतील पाण्याच्या वाटा मोडणार आणि खालचे झरे आटणार, हे शेळ्यामेंढ्यांसही समजत होते. परंतु दरबाराने फर्मान काढिले की ज्याची हरकत असेल त्याने शुद्ध द्वादशीस दुपारी बारापूर्वी प्रत्येक झऱ्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशासह, संगणकी फाइल करून, हजर करावे. तोंडी सांगितलेले ऐकिले जाणार नाही आणि हाताने लिहिलेला कागद घेतला जाणार नाही.

आता त्या मुलखी धाकलू ढेबे म्हणोन एक वृद्ध मेंढपाळ होते. वय अडुसष्ट. सारे त्यांस बाबा म्हणत. आणि माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेचा कारभार अनुजाबाई डोईफोडे यांजकडे होता. विज्ञानाची पदवी घेऊन दोनच वर्षे जाहली होती, आणि कोणतीही गोष्ट मोजल्याविना मानू नये ऐसा त्यांचा स्वभाव. त्यांनी कोण्या बंद पडलेल्या योजनेच्या कपाटातून जीपीएस नामे यंत्र मिळविले होते. मुठीएवढे, पिवळे, जुन्या घडणीचे. आकाशातील उपग्रहांचे बोल ऐकून आपण कोठे उभे आहो ते सांगणारे. ते बाईंनी बाबांच्या हाती दिले आणि अंगठा कोणत्या कळेवर किती वेळ दाबून धरिला असता ठिकाण यंत्राच्या पोटी जमा होते तेवढे शिकविले. मग बाबांनी दोन हिवाळे डोंगर चालून सत्याऐंशी झरे त्या यंत्राच्या पोटी घातले. मध्ये एकदा यंत्राचे सेल बदलिले तेव्हा पोटातील सारी आठवण गेली, कारण आठवण राखणारा एक धाकटा सेल आत असतो तो केव्हाच निमाला होता. तोवरचे एकोणीस झरे गेले. बाबा ते एकोणीस पुन्हा चालले आणि एवढेच बोलले, "डोंगराला बरं वाटलं आसंल, म्हातारा परत आला म्हनून." तेव्हापासून सेल मुळी काढायचेच नाहीत आणि यंत्र झऱ्यापाशी तेवढे चालू करायचे ऐसा नियम ठरला. तेव्हाच प्रत्येक झरा वहीतही उतरवावा हे शहाणपण सुचावयाचे, परंतु अनुजाबाई म्हणाल्या, "सगळे झाले की एकदमच उतरवू, बाबा. मध्ये मध्ये केलं की चुका होतात." हा बोल त्यांचा स्वतःचा, आणि तोच पुढे त्यांच्या उरावर बसला.

कार्तिक वद्य चतुर्थीस, सत्याऐंशीवा झरा नोंदवून येताना, बाबांचा पाय निसटला. एकाच पडण्यात उजवा गुडघा आणि यंत्राचा पडदा, दोन्ही फुटले. वैद्यांनी सांगितले की गुडघा घरापुरता चालेल, डोंगरापुरता नाही. पडदा काळा पडला. कळ दाबिली असता चिमणीसारखी चिवचिव होत होती, म्हणजे यंत्र जिवंत होते. परंतु पोटातील एक अक्षर डोळ्यांस दिसत नव्हते. पुन्हा चालणे नाही, वाचणे नाही, सेल काढणे नाही. फर्मान आले ते या उपरि.

तेव्हा मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचे दिवशी प्रयोगशाळेत मसलत बसली. एका स्टुलावर बाबा, काठी आडवी धरून, मेजावर यंत्र, आणि अनुजाबाई यंत्राच्या पाठीवरील रबराचे झाकण उचलून भिंगातून पाहत होत्या. बाबा म्हणाले, "डोळा गेला म्हन की त्याचा." बाई म्हणाल्या, "डोळा गेला, आठवण आहे. तोंडानं बोलवून घेऊ." बाबा म्हणाले, "माझ्यावानीच हाय म्हनायचं. बोलवा, पर बेतानं. लई बोलवलं तर सेल जातील." मग बाईंनी झाकणाखाली चार तांब्याचे ठिपके एका ओळीत पाहिले आणि यंत्राच्या जुन्या पुस्तिकेतील चित्र काढिले. त्या चार ठिपक्यांस बाईंनी बाबांस समजेल ऐसी नावे दिली. पहिला अन्नाचा, म्हणजे बाहेरून वीज घेण्याचा; दुसरा मुखाचा, ज्यातून यंत्र बोलते; तिसरा कानाचा, ज्यातून ऐकते; आणि चौथा भुईचा, ज्यावर उभयतांनी पाय टेकल्याविना बोलणे चालत नाही. वहीत त्यांनी आद्याक्षरे लिहिली: अ, मु, का, भू. बाबा म्हणाले, "मंग अन्न द्या की भाईरून. सेलाची काळजी नगं." बाई म्हणाल्या, "किती द्यायचं ते ज्या पानावर होतं ते पान फाटलंय. जास्त दिलं तर जळेल. अन्नाचा ठिपका मोकळा ठेवायचा." तो बेत तेथेच सुटला.

या यंत्राची केबल बाजारात मिळत नव्हती. ती जातच बंद जाहली होती, आणि लांबून मागवावी तर द्वादशी टळून पंधरवडा लोटेल. म्हणोन केबल घरी करणे प्राप्त जाहले. शाळेत एक जुना संगणक होता, त्याच्या पाठीस नऊ काट्यांची दोन दारे, म्हणजे पोर्ट, होती, आणि कपाटात त्याच काळचा एक मेलेला माऊस पडला होता. बाईंनी त्याची शेपूट मुळापासून कापिली. शेपटीच्या टोकास नऊ छिद्रांचा जोड तयारच होता आणि आत चार तारा होत्या. मीटर लावून कोणती तार कोणत्या छिद्रास जाते ते पाहिले: लाल संगणकाच्या कानाला, हिरवी संगणकाच्या मुखाला, पांढरी भुईला, आणि चौथी भलतीकडे जात होती ती छाटून टाकिली. लाल यंत्राच्या मुखास द्यावी आणि हिरवी यंत्राच्या कानास, कारण मुखासमोर कान आला तरच बोलणे होते. मुखासमोर मुख आले तर भांडण. एक टोक ऐसे फत्ते जाहले. दुसऱ्या टोकास यंत्रात बसेल ऐसा प्लग मात्र त्रिभुवनात नव्हता.

बाजारपेठेत वसंतराव पोतदार यांचे दुकान. घराणे सोनाराचे, परंतु स्वतः चाळीस वर्षे रबरी शिक्के कोरीत होते: ग्रामपंचायतीचे, पतपेढीचे, शाळांचे. हल्ली शिक्के यंत्रावर होत, तरी बारीक काम आले की लोक पोतदारांकडेच जात. अनुजाबाई तेथे गेल्या तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. म्हणाले, "तीन वायरी जोडायच्या, त्याला माझ्याकडे? टीव्हीवाल्याकडे जा." बाई म्हणाल्या, "काका, वायरी मी जोडेन. प्लग कोरायचाय. नखाएवढा." कोरायचाय हा शब्द ऐकताच पोतदारांनी कप खाली ठेविला आणि म्हणाले, "नखाएवढा म्हणजे कुणाच्या नखाएवढा?" आणि यंत्र उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "वायरीही मीच जोडीन. तुमचे डाग जाड पडतात." सोनार जोडकामास डाग देणे म्हणतात. मग ठरले की शिक्क्याचे जाड रबर घेऊन त्यात चार चिरा पाडाव्या आणि जुन्या बॅटरीतील पितळी पट्टीचे चार तुकडे वाकवून त्यांत बसवावे, म्हणजे ते ठिपक्यांवर टेकतील. प्लग एकाच बाजूने आत जावा म्हणोन माथ्यावर यंत्राच्या खाचेसारखी कड ठेवावी. आणि तारांस डाग देऊन मागून लाखेने बंद करावे.

येथे जी चूक जाहली ती सावकाश लिहितो. पुस्तिकेतील चित्र यंत्राकडे पाहताना दिसते तैसे होते: डावीकडून अ, मु, का, भू. परंतु प्लग यंत्रास सामोरा जातो. म्हणोन त्याच्या तोंडावर रांग उलटी पाहिजे, जैसा समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूस. अनुजाबाईंनी हे जाणून, बहुत काळजीपूर्वक, चित्र आधीच उलटे करून दिले: भू, का, मु, अ. आणि पोतदारांनी चाळीस वर्षे जो जो कागद हाती आला तो तो उलटा करूनच कोरिला होता, कारण शिक्का उलटा कोरिल्यावाचून सुलटा उठत नाही. त्यांनी कागद पाहिला आणि हाताने आपणहून उलटा केला. प्रत्येक पट्टीखाली इवले अक्षरही कोरिले, कारण खूण नसलेले काम त्यांस आवडत नसे. एकाने काळजीने उलटविले, दुसऱ्याने सवयीने उलटविले, आणि दोन उलट मिळून सुलट जाहले. सुलट म्हणजे येथे चूक.

पहिले रबर चिरताना फाटले, दुसऱ्यात कड निसटली, तिसरे साधले. दशमीस दुपारी प्लग आला. बाईंनी भिंगातून पाहिला, प्रत्येक डाग मीटरने तपासिला, एक पट्टी दुसरीस चिकटली नाही ना ते पाहिले. तळची अक्षरे उलटी आणि तांदळाच्या कणीएवढी, शाईविना वाचवत नव्हती. आणि रांग वडील माणसाने कोरिलेली, म्हणोन रांगेचा पडताळा घेतला नाही. मोजल्याविना न मानणाऱ्या बाईंनी एवढे एक मानिले. मग केबल लाविली, यंत्र चालू केले, आणि संगणकाने विचारिले की आपण कोण आणि आपणांपाशी काय आहे. उत्तर नाही. पुन्हा विचारिले, बोलण्याचा वेग ९६०० आहे ना ते पाहिले, दुसरे दार दिले, पुन्हा विचारिले. उत्तर नाही. बाबा म्हणाले, "रुसलंय." बाई म्हणाल्या, "यंत्र रुसत नाही, बाबा." बाबा म्हणाले, "मंग तू का गं पुन्ना पुन्ना समजूत काढतीस?" इतक्यात यंत्राने तीन वेळा चिवचिव केली. तीन म्हणजे सेल संपत आले. बाईंनी ते तत्काळ बंद केले.

पुढे बाईंनी यंत्रास न जागविता शोध चालविला. प्लगच्या मधल्या दोन पट्ट्या केसांच्या पिनेने जोडिल्या, म्हणजे संगणकाचे मुख त्याच्याच कानास लागले, आणि कळफलकावर अक्षर दाबिले तर तेच अक्षर फिरून पडद्यावर आले. यावरून संगणक बरा, तारा बऱ्या, डाग बरे. परंतु मधल्या दोन पट्ट्या रांग सुलट असो की उलट, मध्येच राहतात, म्हणोन या परीक्षेस डावे-उजवे कळत नव्हते, आणि ते त्या वेळी बाईंच्याही ध्यानी आले नाही. त्यांनी वहीत लिहिले: दोष यंत्रात. मग ते खोडून लिहिले: दोष यंत्रात असेल तर उपाय नाही, म्हणोन आधी दुसरीकडे पाहावा. बाबा जाताना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाई निघालं तर न्हाई. तुझ्यावर राग न्हाई माझा." बाई म्हणाल्या, "माझा आहे. माझ्यावर. उद्या या."

एकादशीस रविवार. शाळा बंद, परंतु प्रयोगशाळा उघडी. सकाळी नऊचे सुमारास पोतदार स्वतः जिना चढून आले. काखेत शाईची गादी. म्हणाले, "अनुजा, रात्रभर मनाला लागून राहिलं. चाळीस वर्षांत एकही शिक्का ठसा घेऊन पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर गेला नाही. हा एकच गेला. तू घाई केलीस." बाई म्हणाल्या, "काका, हा शिक्का नाही. प्लग आहे." पोतदार म्हणाले, "रबर माझं, कोरलंय मी, शिक्काच तो. आण इकडे." आणि प्लग शाईच्या गादीवर हलकेच टेकवून बाईंच्या वहीच्या कोपऱ्यावर दाबिला आणि उचलिला. चार रेघा आणि तळाशी चार अक्षरे, स्वच्छ: भू का मु अ. पोतदार सुखावले आणि बाईंच्या चित्राशेजारी ठसा धरून म्हणाले, "बघ. जसं दिलंस तसं उठलं. केसाचा फरक नाही." बाबा वाकून म्हणाले, "ब्येस उठलंय. मंग बोलंना का?"

अनुजाबाई ठशाकडे पाहत राहिल्या आणि मग एकदा ठशाकडे, एकदा यंत्राकडे. मग हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही शिक्का कागदावर मारता. हा शिक्का कशावर मारायचाय?" पोतदार म्हणाले, "कशावर म्हणजे? यंत्रावर." बाई म्हणाल्या, "म्हणजे यंत्र हाच कागद. आणि त्या कागदावर अ मु का भू असं उठायला हवं. पुस्तिकेत आहे तसं. मी ते आधीच उलटं करून तुम्हाला दिलं." पोतदारांनी चष्मा खाली घेतला, पुस्तिकेतील चित्र पाहिले, ठसा पाहिला. म्हणाले, "मला शिक्का शिकवलास?" बाई म्हणाल्या, "नाही. तुम्हाला शिक्का येत नाही असं धरून चालले. मूळ चित्र दिलं असतं तर बरोबर झालं असतं." बाबा म्हणाले, "म्हंजे दोघं शाने, म्हनून घोळ झाला. एक जरी येडा आसता तरी मशीन बोललं आसतं." यावर पोतदार प्रथम गोरेमोरे जाहले आणि मग इतके हसले की शाईचा हात सदऱ्यास लागला.

नवा प्लग कोरण्यास वेळ नव्हता. पोतदार म्हणाले, चुकीचा शिक्का मी चालू देत नाही. बाई म्हणाल्या, रबर नाही बदलत, तारा बदलू. भुईची पांढरी तार अन्नाच्या ठिपक्यावर टेकत होती, तिचा डाग काढिला. तेथे यंत्र जळले कसे नाही याचा विचार त्यांनी फुरसतीने करावयाचा ठरविला. पांढरी तार पलीकडच्या टोकास नेली, लाल आणि हिरवीची अदलाबदल केली, आणि या वेळी प्रत्येक पट्टी यंत्राच्या ठिपक्याशी, एकेक करून, वहीत खूण करीत पडताळिली. पोतदारांनी ब्लेड घेऊन चुकीची अक्षरे खरवडून टाकिली, तेवढे त्यांच्या समाधानास. मग बाईंनी संगणकास आज्ञा लिहून ठेविली, फक्त कळ दाबणे बाकी, जेणेकरोन यंत्र एक पळही अधिक जागे राहू नये. आणि प्लग बसविला. आणि यंत्र चालू केले. तीन वेळा चिवचिव. बाईंनी कळ दाबिली. संगणकाने विचारिले की आपण कोण, आणि पिवळ्या यंत्राने, पडदा फुटला असताही, आपले नाव सांगितले. मग एकामागून एक ओळी पडद्यावर उतरू लागल्या: वरचा झरा, गव्याचा झरा, ठकूबाईचे पाणी, जी जी नावे बाबांनी सांगितली आणि बाईंनी दर फेरीनंतर यंत्रात घातली होती ती. बाबांस वाचता येत नव्हते. बाई नाव वाचीत आणि बाबा मान हलवीत. दहा-बारा पळांत सारे आले. बाईंनी फाइल जपून ठेविली, एक प्रत दुसरीकडे केली, दुसरी प्रत तिसरीकडे केली, आणि मग मोजिले.

मोजून म्हणाल्या, "बाबा, सत्याऐंशीच ना?" बाबा म्हणाले, "सत्त्याऐंशी. दर झऱ्याला येक खडा ठिवलाय घरी, मोज जा." बाई म्हणाल्या, "इथं अठ्ठ्याऐंशी आहेत. सत्याऐंशीव्याला नाव घालायचं राहिलं होतं. पण त्याच्यापुढेही एक आहे, नुसता आकडा. कार्तिक वद्य चतुर्थी, सकाळी दहा बावीस." बाबांनी गुडघ्यावरून हात फिरविला. पोतदार म्हणाले, "ते तर ढेबेमामा पडले तो दिवस." बाई म्हणाल्या, "पडताना अंगठा कळेवर दाबला गेला असणार." बाबा म्हणाले, "मंग काडून टाक त्यो. तिथं झरा न्हाई. तिथं नुसता मी पडलोय." बाईंचा हात कळेपर्यंत गेला आणि थांबला. त्या म्हणाल्या, "कशानं पडलात?" "शेवाळावरनं पाय गेला." "शेवाळ कशावर होतं?" "दगडावर." "पाऊस जाऊन महिना उलटला होता, बाबा. दगड ओला कशानं होता?" बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खिडकीतून डोंगराकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे त्यो मला न्हाई घावला. मीच त्याला घावलो."

द्वादशीस अकरा वाजून वीस मिनिटांनी फाइल दरबारी दाखल जाहली. कारकुनाने विचारिले, झरे सत्याऐंशी ऐसे आपल्या अर्जात आहे आणि फाइलीत अठ्ठ्याऐंशी, हे कैसे? अनुजाबाईंनी घडले तैसे सांगितले. मोजणीदार नकाशावर रेघ आणि ठिपके एकत्र ठेवून पाहत होते. अठ्ठ्याऐंशीवा ठिपका नेमका रस्त्याच्या रेघेवर पडला होता. ते म्हणाले, "बाई, हा एक जरी खरा निघाला तर बाकीचे मी मानतो. आणि खोटा निघाला तर बाकीच्यांचंही बघावं लागेल." बाबा मागून म्हणाले, "जावा, साहेब. पर बूट घट बांधा." दुसरे दिवशी मोजणीदार जातीने जाऊन आले. त्यांच्या पाटलोणीस मागून शेवाळ लागलेले सर्वांनी पाहिले आणि कोणी काही विचारिले नाही. पौषात नवी रेघ निघाली. ती झऱ्यांच्या खालून गेली.

ऐसे हे वर्तमान. यंत्राचे सेल त्याच एकादशीस दुपारी संपले आणि त्याच्या पोटी एकही झरा उरला नाही. ते बाबांच्या घरी फळीवर आहे, सत्याऐंशी खड्यांच्या शेजारी. खडा अठ्ठ्याऐंशीवा बाबांनी मुद्दाम ओला ठेविला आहे. केबल प्रयोगशाळेत खिळ्यास टांगिली आहे, आणि पोतदारांच्या दुकानी आता पाटी आहे की चित्र सुलटेच द्यावे, उलटे आम्ही करू. लिहिणाराचे लिहिणे येथे थांबले. डोंगराचे पाझरणे चालू आहे.